पन्नास

आज ‘असेंट’चं पान लिहायला घेतलं.
चित्र ओळीत किती वर बसवायचं, त्याचा आकडा:
शंभर दिले तर सगळं चित्र रेघेच्या वर,
शून्य दिलं तर सगळं खाली,
काहीच नाही दिलं तर एडिटर स्वतःहून धरतो पन्नास.

मूळ पानावर शब्द आहे बेसलाइन.
अक्षरांची जमीन.
पण आपली अक्षरं जमिनीवर उभी कधी होती?
ती वरून लोंबतात, दांडीवर वाळत घातलेल्या सदऱ्यांसारखी,
उकाराचं ओलं टोक खाली.
मी ‘पायरेघ’ असा शब्द केला. खोडला. परत केला.
तुंगारेबाई सगळी पानं तपासतात, त्यांनी शेरा मारला:
पायरेघ हा त्वचारोग वाटतो. असू दे.

उदाहरणाला चित्र हवं होतं.
फुलाचं नको, सूर्यास्त तर नकोच.
मोबाइलमध्ये एक होतं, धनकवडीतलं, आमच्याच गॅलरीतून काढलेलं,
पहाटे मी जागा असतो तेव्हाचं:
रस्त्याच्या मधोमध एक माणूस वाकलेला,
हातात त्याच्याच उंचीची लोखंडी चावी,
झाकण बाजूला, पाठीवर दिव्याचा पिवळा डाग.

मग त्या माणसावर मी एकेक गुणधर्म लावत गेलो.
स्केल अर्धा: तो अंगठ्याएवढा.
रोटेशन नव्वद: तो भिंतीवरचा व्हॉल्व्ह उघडतोय.
पंचेचाळीस दिले तर माझ्या मशीनवर काहीच होत नाही,
हेही प्रामाणिकपणे लिहिलं.
मार्जिन पाच: चारी बाजूंना मोकळी जागा,
जी दुतर्फा लावलेल्या स्कूटरींमधून त्याला कधी मिळत नाही.
रिलीफ तीन: तो बटणासारखा उठून आला.
उणे तीन दिले, आणि दाबलेला दिसला.
हे उदाहरण मी काढून टाकलं.
मास्क लावला तशी पार्श्वभूमी गेली,
म्हणजे रस्ता गेला, भोक गेलं, दिवा गेला.
नुसत्या पांढऱ्यात तो जोर लावत राहिला.

सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटच्या परिच्छेदात टाकलं होतं,
मॅन्युअलवाले टाकतात तसंच:
चित्र फाइलमध्ये नसतं.
ते मजकुरावर पांघरलेलं असतं.
सेव्ह केलं की उरतो तो खालचा मजकूर.

खाली मी एक स्पेस ठेवली होती.
तुंगारेबाईंनी विचारलं,
ज्याच्या पडद्यावर चित्र उमटतच नाही, त्याला काय दिसणार?
काही नाही, मी लिहिलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
त्यांचं उत्तर न देणं मला ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी जिना उतरलो. चार चाळीस.
नाव लहू खुटवड, वेल्ह्याकडचे.
चावीचा दांडा दोनदा वेल्डिंग केलेला.
दोन वर्षं वरून बघत होतो, त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं.
फोटो हातात धरून म्हणाले,
आरं, नुसती पाठच आली की.
मग जरा थांबून: नाव नका घालू.
पाणी चारला सोडायचं असतंय.
फोटोत किती वाजले ते कळतं का?
म्हटलं, तसा गुणधर्म नाही अजून.
मग घाला काय घालायचं ते, म्हणाले,
आणि जरा बाजूला व्हा, झाकण जड आहे.

वर आलो तोवर टाकीत धार लागली होती.
स्पेस पुसून तिथे लिहिलं:
पाणी सोडणारे, पाठमोरे.
चित्रं बंद करून पाहिलं.
तीन शब्द, वरच्या रेघेला धरून.

चित्रं परत चालू केली.
असेंट दिला नाही.
न दिल्यास पन्नास, पान सांगतं:
माणूस रेघेच्या वर,
चावी खाली.